यलोस्टोनला सासू-सासऱ्यांना न्यावं का? बाबा म्हणतात, ज्वालामुखीवर फिरायला कोण जातं!

मीनल_गंगापूररोड:

मंडळी, जूनमध्ये मी, नवरा आणि सासू-सासरे असे चौघं नणंदेकडे बॉइसीला जातोय. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात आहे ते. नंदोईंनी यलोस्टोन नॅशनल पार्कचा बेत आखलाय, त्यांच्या घरून गाडीने सहाएक तास. सगळं छान ठरत होतं, तेवढ्यात बाबांना (सासऱ्यांना) कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. 'यलोस्टोन कधीही फुटणार, जनावरं पळायला लागली!' झालं. बाबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत. भाजीवाल्याने दिलेली पन्नासची नोटसुद्धा उजेडात धरून बघतात. व्हिडिओ मात्र बघितल्या बघितल्या खरा मानला. आता म्हणतात, "तुम्ही जा, मी पोरीच्या घरी पेपर वाचत बसतो."

आई ७१, गुडघे कामातून गेलेत. वणीला गडावर ट्रॉलीने जातो, पांडवलेणी गेल्या वेळी खालूनच नमस्कार केला. बाबा ७६, बीपीची गोळी चालू, पण चालायला खणखणीत.

तर खरंच धोका आहे का? चालणं किती? आई विचारतायत, वज्रेश्वरीसारखी तिथल्या कुंडात आंघोळ करता येते का? किती दिवस ठेवावेत? शाकाहारी खाण्याचं काय? जाऊन आलेल्यांनीच सांगा, गुगल माझंही चालतं.

देवळालीचा_भटक्या:

बिनधास्त जा. पण एका दिवसात उरकणार असाल तर जाऊच नका. पार्क जवळजवळ ९,००० चौरस किमी आहे. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्याचा, २२९ किमी लांब, आणि मधे बायसन, म्हणजे तिथले रानगवे, रस्त्यावर येऊन उभे राहिले की सगळी रांग जागच्या जागी. तीन दिवस हवेत. आतली हॉटेलं लोक वर्षभर आधी धरून ठेवतात, त्यामुळे जूनसाठी आता पश्चिम दाराबाहेरच्या वेस्ट यलोस्टोन गावातच बघा. आत मोबाइलला रेंज जवळजवळ नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कातळकाका:

मीनलताई, मी भूजल सर्वेक्षणात होतो. निफाडच्या काळ्या मातीपासून सुरगाण्याच्या डोंगरापर्यंत लोकांच्या विहिरीत उतरून खडक बघण्यात नोकरी गेली. रिटायर झाल्यावर मुलाने आम्हा दोघांना यलोस्टोन दाखवलं. बाबांना हे मोबाइलवर देऊ नका, प्रिंट काढून द्या.

आधी व्हिडिओचं. यलोस्टोनखाली ज्वालामुखी आहे, जागा आहे, आणि फार मोठा आहे. त्याचे तीन प्रचंड उद्रेक झाले: सुमारे २१ लाख वर्षांपूर्वी, १३ लाख वर्षांपूर्वी आणि ६ लाख ३१ हजार वर्षांपूर्वी. शेवटच्या वेळी खालचा रस बाहेर पडला आणि वरची जमीन खचली. तो खचलेला भाग म्हणजे काल्डेरा, साधारण ७० किमी लांब आणि ४५ किमी रुंद. आता 'वेळ उलटून गेली' या दाव्याचं गणित बाबांनीच करावं. पहिल्या दोन उद्रेकांमध्ये पावणेआठ लाख वर्षं गेली, नंतरच्या दोनांमध्ये पावणेसात लाखांच्या आसपास. सरासरी सव्वासात लाख. शेवटचा होऊन झाली सव्वासहा लाखांच्या थोडी वर. म्हणजे ज्वालामुखी वेळापत्रक पाळतो असं घटकाभर धरलं तरी लाखभर वर्षं शिल्लक राहतात. आणि ज्वालामुखी वेळापत्रक पाळत नाही. दोन मध्यंतरांवरून सरासरी काढणाऱ्याला आमच्या खात्यात साहेबांनी दारातूनच परत पाठवला असता.

दुसरं, खाली लाल रसाचं तळं उकळतंय असं चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. तसं नाही. भूकंपाच्या लहरी त्यातून कशा जातात यावरून कळतं की त्या रसाच्या वरच्या कोठ्यातला बहुतेक भाग घट्ट आहे, वितळलेला भाग पाचापासून वीसएक टक्क्यांपर्यंतच. साखर धरलेला मध असतो ना, दाणेच दाणे आणि मधे थोडा ओलावा, तसं समजा. असा माल सहज उसळत नाही. उद्रेकाआधी तो पुन्हा पातळ व्हावा लागतो, आणि ते होताना वर महिनोन्महिने, कदाचित वर्षानुवर्षं गडबड दिसेल. तिथे यूएसजीएस, म्हणजे त्यांचं सरकारी भूशास्त्र खातं, भूकंपमापक आणि जीपीएस लावून बसलंय. वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात, बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. तुमच्या मुक्कामात मोठा उद्रेक होण्याची भीती मी यादीत सगळ्यात शेवटी टाकेन. बॉइसी ते पार्क या हायवेची भीती त्याच्या कितीतरी वर.

तिथे माणसं मरतात ती अगदी साध्या कारणांनी. कुणीतरी फळ्यांचा रस्ता सोडतो. गरम झऱ्यांच्या भोवती जमीन पांढरी, कोरडी, घट्ट दिसते, पण ती सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या काचेसारख्या खनिजाची, साय असते, काही ठिकाणी बोटभर जाडीची, आणि खाली उकळतं पाणी. भाजून वीसहून जास्त माणसं तिथे दगावली आहेत. १९८१ मध्ये एका माणसाने कुंडात पडलेल्या कुत्र्याला वाचवायला उडी मारली. कुत्रा गेला, माणूसही गेला. बाबांना भीती वाटायचीच असेल तर या जमिनीची वाटू दे, उपयोगाची भीती आहे. लाकडी बोर्डवॉकवरून पाय खाली नाही, सेल्फीसाठीही नाही. लहान मूल असतं तर मी मनगट धरून फिरवलं असतं.

आणि दुसरी भीती बायसनची. नऊशे किलोपर्यंतचं धूड, उभं असतं तेव्हा आपल्याकडच्या म्हशीसारखं निवांत वाटतं आणि धावतं ताशी ५५ किमीने. बायसन आणि एल्क हरणं यांच्यापासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर. अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड. नियम आहे, दंड होतो. पार्कात सगळ्यात जास्त पर्यटकांना इजा केलीय ती या बायसननेच, अस्वलाने नव्हे.

आता आईंचं. आंघोळ अजिबात नाही. झऱ्यात हात घालायलाही बंदी आहे आणि कारण वर सांगितलंच. काही ठिकाणचं पाणी तर इतकं आम्ल की बॅटरीतल्या आम्लाच्या जवळ जातं. आंघोळीची हौस असेल तर उत्तर दाराबाहेर मोंटानात पॅराडाइज व्हॅलीत चिको हॉट स्प्रिंग्ज म्हणून जागा आहे, तिथे बांधलेले गरम पाण्याचे तलाव आहेत. वाट वाकडी करावी लागेल.

गुडघ्यांसाठी माझी निवड अशी. ओल्ड फेथफुल हा गीझर, म्हणजे मधूनमधून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं: गाडीतळापासून सपाट, बसायला बाकडी. तिथे पुढच्या उसळीची अंदाजे वेळ लिहून ठेवतात, दहा मिनिटं इकडे-तिकडे. मधलं अंतर साधारण एक ते पावणेदोन तास, कारंजं ३२ ते ५६ मीटर उंच, दीड ते पाच मिनिटं टिकतं. लोक ते बघतात, टाळ्या वाजवतात आणि गाडीकडे पळतात. तुम्ही पळू नका. मागच्या बाजूला कॅसल गीझरपर्यंत डांबरी वाट आहे, व्हीलचेअर आरामात जाते, आणि खरी मजा त्या वाटेवर आहे. वाफा, बुडबुडे, निळी कुंडं, मधूनच कुणीतरी न सांगता उसळतं. माझी बायको एका कुंडाच्या कडेला बाकावर बसून राहिली होती, मी चार वेळा "चल" म्हटलं तरी उठली नाही. तिचंच बरोबर होतं.

मग फाउंटन पेंट पॉट. अर्ध्या मैलाचा फेरा, थोडा चढ. तिथे चारही प्रकार एका जागी दिसतात: उसळणारं पाणी, शांत गरम कुंड, खदखदता चिखल आणि नुसती वाफ. पाणी भरपूर असेल तर झरा, कमी असेल तर चिखल, आणखी कमी असेल तर वाफ. विहिरीवाल्या माणसाला यापेक्षा चांगला तक्ता कुणी दाखवणार नाही. जून-जुलैपेक्षा कोरड्या दिवसांत चिखल जास्त घट्ट होतो.

यलोस्टोन कॅन्यनला आर्टिस्ट पॉइंटवरून ९४ मीटरचा लोअर फॉल्स दिसतो, चालणं नगण्य. धबधब्याच्या काठावर उतरणाऱ्या वाटा आईंना सोडा. मॅमथ हॉट स्प्रिंग्जला वरच्या गच्च्या, म्हणजे झऱ्यांनी साचवलेले पायऱ्यापायऱ्यांचे थर, गाडीतून बघता येतात, खालच्या बोर्डवॉकला पायऱ्या आहेत. नॉरिसला मात्र बाबांना एकट्याला न्या. पार्कातला सगळ्यात तापलेला भाग तो, आणि स्टीमबोट गीझर तिथेच आहे, जगातला चालू असलेला सगळ्यात उंच, नव्वद मीटरच्या वर जातो. पण कधी, ते त्यालाच ठाऊक.

एक राहिलं. पार्कातले बहुतेक रस्ते २,००० ते २,५०० मीटर उंचीवर आहेत. कळसूबाईचं शिखर १,६४६. म्हणजे गाडीतून उतरलात तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसापेक्षा वर असाल. दम लागतो. बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी सांगा, आणि पहिल्या दिवशी फार पळापळ नको.

शुभदा_जेलरोड:

काकांनी सगळं सांगितलं, बायकांच्या कामाचं मी सांगते. आईला घेऊन गेले होते.

बहुतेक ठिकाणची टॉयलेट म्हणजे खड्ड्यावरची खोली. पाणी नाही, बेसिन नाही, कागद कधी असतो कधी नाही. मोठ्या व्हिजिटर सेंटरला नीट सोय आहे. पाण्याची एक बाटली वेगळी ठेवा, एवढंच म्हणते, समजून घ्या.

थंडी. आपल्याकडे जूनमध्ये पावसाची वाट बघत घाम पुसत असतो, तिथे पहाटे हिटर लावून निघालो होतो आणि रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. दुपारी मात्र ऊन चटचट लागतं. स्वेटर, कानटोपी, वर पाऊस अडवणारं जाकीट. साडीवाल्या सासूबाई असतील तर आतून थर्मल.

खाणं: आतल्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणजे सॅलड, चीज सँडविच, व्हेज बर्गर. आईने दोन दिवसांनी हात जोडले. बॉइसीहून ठेपले, भडंग, लोणचं, दही न्या. पिकनिकची टेबलं जागोजागी आहेत. पण ठेपल्याचा डबा टेबलावर सोडून फोटो काढायला जायचं नाही. अस्वलांमुळे खाणं कायम जवळ किंवा बंद गाडीत, चिवड्याची पिशवीसुद्धा. रेंजर येऊन बोलतो.

आणि वासाची तयारी ठेवा. नासक्या अंड्यांचा वास येतो, गंधकाच्या वायूचा. माझ्या आईला अंड्याचा वासही माहीत नव्हता, तिला वाटलं ड्रेनेज फुटलं.

पॅथलॅबवाली_अनु:

एक जागा कुणी लिहिली नाही, ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग. शंभर मीटरहून रुंद गरम कुंड, मधे गडद निळं, कडेने हिरवं, पिवळं, नारिंगी. सकाळी लवकर गेलात तर थंडीमुळे नुसती वाफ दिसेल, ऊन वर आल्यावर जा. बाबा चालायला खणखणीत आहेत तर त्यांना फेअरी फॉल्सच्या गाडीतळावरून वरच्या सज्जावर न्या, किलोमीटरभर आहे, शेवटी चढ. आईंना खालच्या बोर्डवॉकवरून वाफेतून रंग दिसतील, तेही कमी नाहीत.

ते रंग दगडाचे नाहीत, जिवाणूंचे आहेत. मधलं पाणी त्यांनाही सोसत नाही म्हणून ते निळंच राहतं, कडेला जसजसं निवत जातं तसतसे वेगवेगळे जिवाणू वस्ती करतात. बाबांना पुरावा लागतो ना? १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाने तिथल्याच मशरूम पूल या कुंडातून थर्मस अॅक्वाटिकस हा जिवाणू मिळवला. तो सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात जगतो, म्हणून त्याचं एन्झाइमही उष्णतेला दाद देत नाही. पीसीआर तपासणीत नमुना पुन्हा पुन्हा तापवावा लागतो, तिथे हेच एन्झाइम कामाला आलं. कोविडमध्ये नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर केली, तिचं मूळ त्या कुंडात आहे. आम्ही लॅबमध्ये हे नाव रोज घेतो, म्हणून मी तिथे जरा जास्तच भावनिक झाले होते. नवरा लाजला.

मीनल_गंगापूररोड:

काका, प्रिंट दिली. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली, पेन्सिलने खुणा केल्या. आता म्हणतात, हा माणूस अभ्यासू दिसतो, पण त्याला तीन प्रश्न विचार.

एक: इंटरनेटवर लिहिलंय की तिथली जमीन वर उचलली गेली. मग हे लक्षण नाही का? दोन: २०२४ मध्ये तिथे स्फोट झाल्याचा व्हिडिओ त्यांनी स्वतः शोधून काढलाय, लोक पळतायत त्यात. तो तर खोटा नाही? तीन: नाशिकही ज्वालामुखीच्या दगडावर आहे असं शाळेत शिकलो, मग त्याचं तोंड कुठे आहे? ब्रह्मगिरी का?

कातळकाका:

बाबांना नमस्कार सांगा. प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो, आणि पेन्सिलने खुणा करणारा जास्त.

एक. खरं आहे. २००४ ते २०१० या काळात काल्डेराचा काही भाग २५ सेंटीमीटरच्या आसपास वर आला. नंतर खाली बसायला लागला. पुन्हा थोडा वर, पुन्हा खाली. खाली गरम पाणी आणि वायू सरकतात, साचतात, वाट काढतात, त्याने जमीन श्वास घेतल्यासारखी हलते. नुसतं वर येणं हे लक्षण धरलं तर आतापर्यंत किती वेळा फुटायला हवा होता.

दोन. तोही खरा. २३ जुलै २०२४, सकाळची वेळ, बिस्किट बेसिनमधलं ब्लॅक डायमंड पूल हे कुंड. दगड, चिखल, वाफ उडाली, बोर्डवॉकचे तुकडे झाले, सुदैवाने कुणाला इजा नाही. तो भाग मग बंद ठेवला. पण त्यात लाव्हा नव्हता. उथळ भेगेत पाणी अडकलं, दाब अचानक सुटला आणि पाण्याची एकदम वाफ झाली. हा पाण्याचा स्फोट. तिथे खरा धोका म्हणायचा तर हाच, आणि तो आधी सांगून येत नाही. म्हणून कुठला भाग बंद असेल तर 'फक्त पाच मिनिटं' म्हणून आत शिरायचं नाही. हे मी बाबांना नाही, तुमच्या नवऱ्याला सांगतोय.

सगळे तिथे आगीची गोष्ट सांगतात. मला तिथे पाण्याची दिसली. डोंगरावर बर्फ पडतं, वितळून भेगांतून खाली मुरतं, खोल जाऊन तापतं, वरच्या पाण्याच्या दाबाने उकळत नाही, आणि वर येताना जिथे वाट अरुंद झालीय तिथे अडकून शेवटी उसळतं. तिथला दगड रायोलाइट, सिलिकाने भरलेला. गरम पाणी ती सिलिका विरघळवून नेतं आणि वाटेत भिंतींना लिंपतं, म्हणून नळी दाब सोसते. बर्फ, उष्णता आणि ही लिंपलेली नळी, तिन्ही एकत्र क्वचितच येतात. म्हणून जगातले निम्मे गीझर या एका पार्कात आहेत, पाचशेच्या वर. आणि यातलं पाणी काढून घेतलं तर? ओल्ड फेथफुलच्या ढिगाऱ्यात जुन्या झाडांचं लाकूड सापडलं. झाडं उसळत्या गरम पाण्यात वाढत नाहीत. लाकडाचं वय काढलं तर तेराव्या-चौदाव्या शतकातलं निघालं. त्या काळात तिथे लांबलेला दुष्काळ होता आणि ओल्ड फेथफुल काही दशकं बंद पडला होता. खाली एवढी भट्टी पेटलेली, आणि वर पाऊस नाही म्हणून कारंजं थांबलं! सिन्नर-येवल्याच्या कोरड्या विहिरी बघितलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते बाबांना कळेल. भूकंपानेही त्याची वेळ बदलते. १९५९ चा हेब्गेन लेकचा भूकंप आणि १९८३ चा आयडाहोतला बोरा पीकचा, दोन्हींनंतर दोन उसळ्यांमधलं अंतर वाढलं.

तीन. ब्रह्मगिरी नाही. तोंड नव्हतंच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला, थरावर थर. आजही ५ लाख चौरस किमीवर तो पसरलेला आहे. धुळे-नंदुरबारकडे गेलात तर शेतातून मैलोन्मैल काळ्या दगडाच्या भिंती गेलेल्या दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत, भेगेतच गोठलेला लाव्हा आहे, भोवतालचा खडक झिजला आणि त्या उभ्या राहिल्या. सह्याद्रीतल्या खालच्या थरांना भूशास्त्रात इगतपुरी आणि जव्हार ही नावं आहेत. कसारा घाटात रेल्वेच्या खिडकीतून बघा, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा थर. मधे तांबडा पट्टा दिसला तर तो दोन थरांमधल्या काळात तयार झालेल्या मातीचा. शेतकरी मला विचारायचा, "साहेब, काळा पाषाण लागला, आता?" मी म्हणायचो, खाली मांजऱ्या लागेल, धीर धर. तो मांजऱ्या म्हणजे थराच्या माथ्याचा, वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला भाग. पाणी तिथे सापडतं.

आपला बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, वितळलेला असताना पातळ, वाहणारा, वायू सहज सोडणारा. यलोस्टोनचा रायोलाइट घट्ट, वायू कोंडून धरणारा. म्हणून तिथे धमाका आणि आपल्याकडे पूर. आणि आपल्याकडची भट्टी आता खाली नाही. भारताचा तुकडा उत्तरेला सरकत गेला, भट्टी मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव अशी तिची वाट समुद्रात उमटलेली आहे, आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते आज ती रीयुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून सारखा वाहतो. तो भागही नॅशनल पार्कच आहे, २००७ पासून. अमेरिकेऐवजी तिकडे चला असं मी बायकोला म्हटलं होतं. ती म्हणाली, तिकडे आपला मुलगा राहतो का?

आता बाबांना पटवायचं शेवटचं अस्त्र. यलोस्टोनमध्येही हेच झालंय, फक्त जमिनीवर. अमेरिकेचा तुकडा वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर नैर्ऋत्येला सरकतो, त्यामुळे भट्टीच्या जुन्या जागा आयडाहोत पडलेल्या आहेत. बॉइसीहून तुम्ही ज्या स्नेक नदीच्या मैदानातून जाणार ते तेच. नंदोईंना सांगा, माउंटन होमजवळ मोठा हायवे सोडून वीस नंबरचा रस्ता धरा. वाटेत क्रेटर्स ऑफ द मून लागतं. मैलोन्मैल काळा लाव्हा, १५ हजार ते २ हजार वर्षांपूर्वीचा, गवतही धड उगवलेलं नाही. आपला सह्याद्री नवा होता तेव्हा जवळपास असाच दिसला असणार. १९६९ मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवण्यासाठी तिथे आणलं होतं. आत गाडीने फिरायला सात मैलांचा फेरा आहे, आईंना खाली उतरायचीही गरज नाही. पुढे आर्को गाव, १९५५ मध्ये अणुविजेवर दिवे लागलेलं पहिलं गाव. त्यापुढे आयडाहो फॉल्स, अॅश्टन, आणि आयलंड पार्क, जिथे रस्ता १३ लाख वर्षांपूर्वीच्या काल्डेरातून जातो. म्हणजे पार्कच्या दारात पोचण्याआधीच बाबा दोन ज्वालामुखी ओलांडून झालेले असतील. हे त्यांना पोचल्यावर सांगा.

मात्र वेस्ट यलोस्टोनहून आत शिरल्यावर डोंगर शोधत बसू नका. निमुळता, वर धूर वगैरे असलेला ज्वालामुखी तिथे दिसत नाही. झाडी, कुरणं, तळी. गिबन फॉल्सजवळ थांबा, तो धबधबा काल्डेराच्या कडेवरून पडतो. एवढीच काय ती खूण.

देवळालीचा_भटक्या:

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. गाडीला ३५ डॉलर, सात दिवस चालतो. पण २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना यलोस्टोनसह अकरा मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा लावलेत. त्याऐवजी परदेशी लोकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. तुम्ही चौघं, त्यामुळे पास परवडेल असं वाटतं. नंदोईंना पार्कच्या अधिकृत साइटवर कोणाला काय लागू आहे ते बघायला सांगा, दारात वाद घालण्यात अर्थ नाही.

मीनल_गंगापूररोड:

बाबा येतायत! काकांचा वीस नंबरचा रस्ता त्यांनी वहीत काढलाय, गावांची नावं मराठीत लिहून. मुलाने फर्माईश केलीय की आजोबांनी ज्वालामुखीचा दगड आणायचा. आणि आईंचा प्रश्न: त्या दिवसांत संकष्टी आली तर चंद्रोदय तिथला धरायचा की नाशिकचा?

कातळकाका:

दगड अजिबात नाही. पार्कातून खडा, फूल, शिंग काहीही उचलणं गुन्हा आहे. क्रेटर्स ऑफ द मूनलाही तेच. नातवाला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात न्या. आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे स्फटिक तिथे आहेत. ते यलोस्टोनला मिळणार नाहीत. चंद्राचं शुभदाताई सांगतील.

शुभदा_जेलरोड:

चंद्र तिथला. पण जूनमध्ये तिथे सूर्यच नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे संकष्टीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होईल. आमच्या आईने पहिल्या वेळी रात्री पावणेबाराला मोटेलच्या दारात उभं राहून अर्घ्य दिलं होतं, थर्मल आणि कानटोपी घालून. साबुदाणा बॉइसीत भारतीय दुकानात मिळतो, भाजलेलं दाण्याचं कूट घरूनच करून न्या.